काकांची जपानी अंघोळ

नेपरव्हिलच्या स्टेशनवर रोज सकाळी भेटणारे आमचे शेजारी काका अमेरिकेवर एकाच कारणासाठी रागावलेले होते, आणि ते म्हणजे शॉवर. "ऐक तर, ही काय अंघोळ आहे? उभ्याउभ्या पावसात सापडल्यासारखं वाटतं," असं ते भर बर्फात कुडकुडत सांगायचे. शॉवरखाली झटपट उरकणाऱ्या माझी त्यांना कीव यायची.

मग ऑफिसनं त्यांना प्रोजेक्टसाठी जपानला पाठवलं. तिथला क्लायंट त्यांना मोठ्या हौसेनं गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी घेऊन गेला. परत आले तेव्हा काकांचा चेहरा इतका खुलला होता, की ट्रेनमध्ये बसताक्षणी मी चौकशी केली.

"ऐक तर! कुंडात उतरायच्या आधी तिथे अंग धुवावं लागतं. त्यासाठी बुटका पाट, लाकडी बादली आणि कढत पाणी! इतक्या वर्षांनी बसून अंघोळ केली रे. बादल्यांवर बादल्या ओतल्या. क्लायंट बिचारा कुंडातून हाका मारत होता."

"आणि कुंड कसं होतं?"



"कुंडात कशाला उतरू? अंघोळ झाली होती ना माझी!"