उटकटाऱ्याचं आवतण

मामंजी फाट्यावरनं माघारी आले ते टोपी हातात घिऊनच. वडूजच्या एस्टीच्या कंडक्टरनं निरोप आणलावता. मी दारात सुमीला भरवत हुते. मामंजी म्हणले, "हौसा गेली," आन् पायरीवरच बसले. हौसा म्हंजी त्यांची थोरली भैन, आमची हौसाआत्या. परवाच हसत सासरच्या गावाला एस्टीत बसलीवती, आन् त्या सकाळी तिथं उठलीच न्हाई म्हणं... खोटं कशाला लिवू, माझा हात पैल्यांदा माझ्या पोटावर गेला. मला सातवा सरत आलावता. आत्यासाठनं रडू मागनं आलं, आधी भ्याच आलं, की आता माझं कोण करणार?

मी चवथीपातूर शिकलेली, लिवायची सवं न्हाई, दम लागतो. पण गावातल्या निम्म्या पोरांची नाळ जिनं कापली तिच्यावर कुणी चार वळी लिवू नये हे बरं न्हाई वाटत, म्हणून बसलेय.

आमचं गाव कोरेगावच्या खाली, पाटाचं पाणी, जिकडं बघावं तिकडं ऊस. आत्याला दिलीवती वडूजच्या पल्याड, माळावर. तिथं सासूच्या हाताखाली ती सुईणपण शिकली. नवरा वारल्यावर भावाकडं आली ती लुगड्यांचं एक गठुडं आन् एक चंची घिऊन. दुसऱ्या बायांच्या चंचीत पानसुपारी आसती, आत्याच्या चंचीत हळदकुंकू, तांदूळ, आन् उटकटाऱ्याची मुळी. उटकटारा म्हंजी माळावरचं काटेरी झाड, गुडघ्याएवढं, पानं खालनं पांढरी, आन् शेंड्याला काट्यांचा गोल चेंडू. शेरडंसुदीक त्याला तोंड लावत न्हाईत. पण बाई आडली की त्याची मुळी तिच्या केसात बांधायची आन् बाळ झालं की लगोलग सोडायची, वाहत्या पाण्यात टाकायची. एक मुळी एकाच बाईची. म्हणून दर खेपंला आत्याला नवी लागायची.

आन् ती आमच्याकडं कुठं मिळायला? आत्या एस्टीच्या खिडकीतनं बोट दावत जायाची. "वर्धनगडचा घाट चढला की बघ, हितनं सुरू. म्होरं वडूज, दहिवडी, खाली सांगलीकडं आटपाडी, जत, जितकं रान उघडं तितका ह्यो सुखात. पाटाचं पाणी आलं की ह्यो उठून जातो. लय मानी हाय." मी म्हणायची, "तुमच्यावानीच की वं." मग मला कोपरखळी बसायची.

सुमीच्या येळंला मी लय भ्यालेवते. मालक तिकडं पलटणीत, आई माझी न्हानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. मी नुसती वरडत हुते, "आत्या, मी मरती, मी मरती." आत्या म्हणली, "मर की, पण आधी पोर दे माझ्या हातात, मग सावकाश मर." त्या कळांतबी मला हसू आलं. मग तिनं केसात मुळी बांधली आन् म्हणली, "मुळी तुझ्या केसात, भ्या माझ्या पदरात. आता तुझ्याकडं भ्या उरलंच न्हाई, लाग कामाला." सुमी झाली. नंतर एकदा मी इचारलं, "आत्या, खरंच मुळीनं हुतं का वं?" तर इकडं तिकडं बघून म्हणली, "मला काय ठावं? पण बाईला वाटतं ना कुणीतरी लांबनं तिच्यासाठनं आलंय..." आन् दुसऱ्या खेपंला दवाखान्यातच जायाचं, हे तिनंच ठरवलंवतं. "डागदरीण बाई तिचं काम करंल, मी उशाला बसंन."

गेल्या साली तिच्या गुडघ्यांनी दम सोडला, तवा तिनं माळावरनं एक रोप मातीसकट आणून दारात लावलं. म्हणली, "आता घाट चढायला नगं. फकस्त ह्याला पाणी घालू नगं." आवं, पण उसाच्या गावात दारातल्या झाडाला पाणी न घालता कसं ऱ्हायाचं? ऊन तापलं, पानं मला मलूल दिसली, मी लपून रोज तांब्याभर वतायची. म्हैन्यात बुडातनं कुजलं. आत्यानं उपटून वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "लाडानं मारलंस गं त्याला," एवढंच म्हणली. शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं.

म्हणून तर तिला परत एस्टीत बसावं लागलं. माझ्यासाठनं.

तेरावा झाल्यावर, सासूबाई नगं नगं म्हणत आसताना, मी मामंजींच्या संगं आत्याच्या माळावर गेले. मुळी काढायची म्हंजी आदल्या सांजला झाडाला आवतण द्यायचं आसतं, हळदकुंकू लावून, तांदूळ वाहून सांगायचं की उद्या न्यायला येते. आत्यानं जायच्या आदल्या सांजला आवतण दिलेलं झाड मला बांधाच्या कडंला घावलं. बुडाजवळच्या दगडावर कुंकू वाळलंवतं, तांदूळ मुंग्यांनी नेलंवतं. शेंड्याचा चेंडू वाळून करडा झालावता. ते तिची वाट बघत उभं हुतं... मी खाली बसले, पोटामुळं वाकवंना, आन् म्हणलं, "जिनं आवतण दिलं ती न्हाई येत आता. मी आले तर चालंल का?" मामंजींनी तोंड फिरवलं आन् खुरपं माझ्या हातात दिलं.

मुळी आता चंचीत हाय, माझ्या उशाला. नववा लागलाय. दवाखान्याचं ठरलंय, डागदरीण बाई भली हाय, पण भ्या कुणाच्या पदरात टाकू ते कळत न्हाई. चेंडूतलं बी मी घराच्या मागं दगडाच्या ढिगावर टाकलंय, जिथं पाटाचं पाणी पोचत न्हाई. पाऊस पडल्याबिगर ते उगवायचं न्हाई, मला ठावं हाय. तरीबी रोज सकाळी न्हाणं झालं की माझा हात आपसूक तांब्या भरतो, पाय ढिगापातूर जात्यात. तिथं थांबते. सुमी म्हणती, "आये, वत की." मी तांब्या तसाच भरल्याला घिऊन माघारी फिरते.