दोन सुनीतांचा थेंब

डॉ. वासंती कदम यांना मी प्रथम भेटलो ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत, अर्ध्या अंधारात. तपासणीचे रंगीत बीड्स उजेडात फिकट होतात, म्हणून पडदे ओढलेले होते. बारावी अर्धवट सोडून मी ट्यूबवर लेबले लिहायच्या कामासाठी आलो होतो.

“अक्षर कसं आहे?” मॅडमनी विचारले.

“शुद्ध आहे.”

“वाचता येतं का, ते विचारलं,” म्हणत त्या हसल्या.

मॅडम रक्ताच्या एका थेंबातून चाळीस प्रथिने एकाच वेळी मोजतात. प्रत्येक प्रथिनासाठी वेगळ्या छटेचे, धुळीहून बारीक मणी असतात. त्यांनाच आम्ही बीड्स म्हणतो. छटेवरून प्रथिन ओळखायचे, चकाकीवरून त्याचे प्रमाण. “थेंबात अख्खं गाव बोलत असतं, प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकायचा,” असे त्या सांगतात. त्या मंद खोलीत मला तो गलबला खरोखर ऐकू येई.

सांधेदुखीच्या अभ्यासासाठी बदलापूर गावातून ट्यूब आल्या. एकीवर ‘सुनीता म्हात्रे’, दुसरीवर ‘सुनिता म्हात्रे’. मी दुसरीची वेलांटी सुधारली आणि एकाच बाईंच्या दोन ट्यूब समजून रक्त एकत्र केले. बीड्स चमकले, पण जगात नसलेल्याच एका बाईंसाठी. यादी ताडताना वये वेगळी दिसली, तेव्हा मला कळले: त्या दोघी चुलत जावा होत्या. अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. मी यादी घेऊन जाऊन मॅडमना सांगितले.

त्या ओरडल्या नाहीत. “दुसऱ्याच्या नावाची वेलांटी आपण सुधारायची नसते, बाळा,” एवढेच म्हणाल्या. अहवाल थांबवून त्या माझ्यासोबत रिक्षाने गावात आल्या आणि दोघींची माफी मागून पुन्हा रक्त मागितले. थोरल्या सुनीताबाई जावेला म्हणाल्या, “सैपाकात नाय, तं रगतात तरी मिसळलो आपण.”

नव्या मोजणीत धाकट्या सुनिताबाईंची सुजेची प्रथिने फार वाढलेली निघाली. मिसळलेल्या थेंबात ती दबून सगळे ठीक दिसले होते. उपचार वेळेत सुरू झाले. अहवालात मॅडमनी चूक नोंदवली, पण माझे नाव घातले नाही. “तपासायचं काम माझं होतं,” म्हणाल्या.

मॅडमच्या साठीनिमित्त लिहितो आहे, असे परवा सुनिताबाईंना सांगितले. त्या आता गावदेवीच्या पायऱ्या चढतात. म्हणाल्या, “लिव, त्यांचं गुडघं धड ऱ्हाऊ दे. बाकी आयुष्य देव देतोच.”

माझे मागणेही तेवढेच आहे.