गोविंदानं आणलेला निरोप

माझी माय जिवंत असताना मी तिला मेलेली धरून चाललो होतो.

आणि ती जित्ती आहे असं मला बजावून सांगणारा माणूस आज सकाळी गेला.

गोविंदा. आमच्या वैनगंगेकाठच्या गावचा, माझ्या बरोबरीचा. दोघांचे बाप एकाच तलावात मासे धरायचे.

मित्रांनो, माझं वय सत्त्याऐंशी. एका बोटानं टाईप करतोय. चुका सांभाळून घ्या.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचे एक सर जरा वेगळेच. म्हणाले, तू माझ्या वर्गात बसू नको. मी पुस्तकं देतो, ती वाच, दर शनिवारी माझ्यासमोर बसून बोल, आणि शेवटी स्वतः शोधलेल्या माहितीवर मोठा निबंध लिही.

आज याला इंडिपेंडंट स्टडी, कम्युनिकेशन रिसर्च वगैरे म्हणतात. तेव्हा पोरं मला 'बिनवर्गाचा' म्हणून चिडवायची.

माझा विषय होता, खेड्यात निरोप कसा पोचतो.

गावात फोन नव्हता. निरोप म्हणजे माणूसच पाठवायचा. आमच्या गावचे निरोप गोविंदा न्यायचा. सुट्टीत मी वही घेऊन त्याच्याजवळ बसायचो. तो जाळं सोडवत सांगायचा, मी लिहायचो.

त्यानंच सांगितलं की मेल्याचा निरोप कोणी सरळ देत नाही. "तब्येत जास्त हाय, चाल," एवढंच म्हणायचं. समोरचा रस्त्यात कोसळू नये म्हणून. त्यानं शपथ घालून विचारलं तरी जित्ती हाय असंच सांगायचं.

मी वहीत लिहिलं, 'तब्येत जास्त' म्हणजे मृत्यू समजावा. सर खूश झाले. मी तर आठवडाभर हवेत होतो.

थंडी सरताना एका सकाळी गोविंदा होस्टेलच्या दारात उभा.

"मायची तब्येत जास्त हाय, नाम्या. चाल."

मी तिथंच खाली बसलो. रडलो. मग उठलो आणि फार शहाण्यासारखा वागलो. स्टेशनच्या वाटेवर नवं लुगडं घेतलं, मायच्या अंगावर शेवटचं घालायला.

गोविंदा ते बघून चक्रावला. काऊन घेऊन राह्यला म्हणाला, माय जित्ती हाय.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बिचाऱ्याला किती खोटं बोलावं लागतंय, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

छोट्या लाईनची गाडी. गावी जायला ब्रह्मपुरीला उतरायचं, पण मी आधीच सिंदेवाहीला उतरलो. तिथून बैलगाडीच्या वाटेवर बहिणीचं सासर. लेक आल्याशिवाय मायला उचलणार नाहीत, म्हणजे आधी तिला घ्यावं, असा माझा हिशोब. मेलेल्या माणसाला कसली घाई?

गोविंदा प्लॅटफॉर्मवर माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"तू आधी घरी जाय. बहिणीले मी आणतो. तुह्या पाया पडतो, नाम्या."

मी म्हणालो, "गोविंदा, मले समजते."

काय डोंबल समजत होतं मला!

त्यानं जोडलेले हात सोडले. खरं सांगायलाही त्याच्याकडे तेच शब्द होते, आणि ते मी आधीच वहीत लिहून मोकळा झालो होतो. गाडी निघून गेली. आम्ही दोघं खाली राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीला घेऊन घरी पोचलो. माय त्याच दिवशी सकाळी गेली होती.

शेजारच्या काकूनं सांगितलं, रातभर विचारत होती, नाम्याची गाडी आली का म्हणून. सिंदेवाहीला उतरलो नसतो तर आदल्या संध्याकाळीच पोचलो असतो. एक अख्खी रात्र मिळाली असती.

बहिणीनं पिशवीतलं लुगडं पाहिलं. विचारलं, हे कवा घेतलं? मी सांगितलं, काल, चांद्याला. तिनं ते परत पिशवीत ठेवलं. त्यानंतर या विषयावर ती कधीच बोलली नाही.

निबंध मी दिला. 'तब्येत जास्त'चं ते वाक्य खोडलं नाही. खोडलं असतं तर का खोडलं हे सरांना सांगावं लागलं असतं. त्याच वाक्यापुढं सरांनी 'उत्तम निरीक्षण' असा शेरा मारला.

खरा मार बसला तो गोविंदाला. जन्मभर भेटला की फिरून फिरून तिथंच यायचा. मागच्या दिवाळीतही म्हणाला, "मलेच नीट सांगता नाई आलं, नाम्या. मी रडून सांगतलं असतं तं तू आयकलं असतं."

आणि मी? दरवेळी "जाऊ दे गा" म्हणायचो. जसं काही मीच त्याला माफ करतोय. चूक माझी होती हे तोंडातून निघालंच नाही. त्याच्यावर ढकललेली मला बरी वाटत होती, हे आज लिहिताना लाज वाटते.

आज त्याच्या मुलाचा फोन आला. आबा गेले म्हणाला. सरळ.

आता कोणाला सांगू?

गोविंदा, या म्हाताऱ्याची श्रद्धांजली पोचत असेल तर घे.

तू नीटच सांगतलं होतं, बा. माय जित्ती होती.