एकटीची पहिली फेरी

सरांच्या परवानगीशिवाय शिकाऊ वैमानिकाला एकट्यानं उडता येत नाही. माझं लँडिंग कच्चं म्हणून ते मला कितीतरी दिवस थांबवत होते. एका सकाळी धाराशिवच्या धावपट्टीवर ते अचानक विमानातून उतरले, लॉगबुकात सही केली आणि म्हणाले, "जा, एक फेरी मारून ये."

वर गेल्यावर शेजारची सीट रिकामी दिसली. खाली सोयाबीनची रानं होती, माणूस एकही दिसेना. सर ओरडायचे ते सगळं मीच मोठ्यानं म्हणत राहिले. विमान अलगद टेकलं. सरांनी हात मिळवला आणि ते पुढच्या विद्यार्थ्याकडं गेले.

मी परंड्याला आईला फोन लावला.

"संगं कुणीच न्हवतं?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही," म्हणाले आणि मला रडूच फुटलं.