वरच्या बाजूच्या गाठी

ज्या गोधडीला बाईसाहेबांनी मघाशी गाल लावला होता, तीच आता त्यांनी छत्रीच्या टोकानं उचलली. मधे एवढंच घडलं होतं. त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही कुठल्या गं?’’ मी सांगितलं, ‘‘मांगवाड्यातल्या.’’

सोलापुरात बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन होतं. सगळ्यांना खुलं, असं ऐकलं होतं. मी तेव्हा गिरणीत कामाला जायची. पोटात पहिलं लेकरू होतं. त्याच्यासाठी आईनं गिरणीतल्या चिंध्या नि जुनी लुगडी जोडून गोधडी शिवली. ती मीच हट्टानं तिथं नेली, आईलाही ओढत नेलं. बाईसाहेब परीक्षक. आधी म्हणाल्या, ‘‘काय रंगांची जाण आहे!’’ मी हरखले होते.

आता त्यांना दोष दिसायला लागले.

‘‘या गाठी वर कशा? कलेत सफाई लागते. तुम्हा लोकांना ती कोण शिकवणार!’’

गाठी वर का, ते मला ठाऊक होतं. अंगाकडची बाजू मऊ राहावी म्हणून आई प्रत्येक गाठ बाहेरून मारायची. कोवळ्या अंगाला गाठ टोचते. ओळ संपली की खालून हात फिरवून बघायची. एक खडबडीत टाका लागला तर अख्खी ओळ उसवायची.

सगळं ओठांवर आलं होतं. आणि मी काय बोलले?

‘‘चुकलंच, बाईसाहेब. आईला कळत न्हाय. अडाणी हाय ती.’’

वर हसलेसुद्धा. आई शेजारीच उभी होती. आजही आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आई मला हळूच म्हणाली, ‘‘तुला तर ठावं व्हतं की गं.’’ ती चिडली असती तर बरं झालं असतं.

तिनं गोधडीला हात घातला, तशा बाईसाहेब म्हणाल्या, ‘‘राहू दे. आमच्या गड्याला अंथरायला होईल.’’

‘‘न्हाय,’’ मी म्हणाले. ‘‘गाठी वर हायत, कारण खाली माझं लेकरू निजनार हाय. आईला कळतंय. तुमाला न्हाय कळलं.’’

गोधडी काखेत मारून आम्ही निघालो. पण आधीचं बोललेलं पुसलं गेलं नाही. आईनं ते ऐकलं होतं.

आईच्या कामाचं मोल मी परत कुणा परीक्षकाला विचारलं नाही, विचारणारही नाही. आईची माफीही मी मागितली नाही. तिनं ती लगेच देऊन टाकली असती, आणि मी सुटले असते. मला सुटायचं नाही.