नुसतं उभं राहायचं होतं

एकाहत्तरची लढाई संपली तेव्हा मी पंजाबच्या सीमेवर एका इंजिनियर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. लोकांना वाटतं, लढाई संपली की फौज बराकीत परतते. आमचं काम तेव्हाच सुरू झालं. लढाईआधी आपणच आपल्या हद्दीत पुरलेले सुरुंग काढायचे आणि जमीन शेतकऱ्यांना परत द्यायची, असा हुकूम होता.

मी शांतवन त्रिभुवन, मूळचा पिशोरचा. वडील औरंगाबादेत मिस्त्रीकाम करायचे, म्हणून आम्ही छावणीत वाढलो. माय चर्चच्या वतीनं खेड्यापाड्यांत जायची, बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, आजाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना करायची. मीही रविवार चुकवत नसे. पण माझा पहिला मुलगा तापानं गेला तेव्हा मी दूर ड्युटीवर होतो. माझी बायको मार्था त्याच्याजवळ एकटी होती. तेव्हापासून मी प्रार्थना करायचो, पण भरवसा ठेवायचो तो स्वतःच्या हातांवरच. सुट्टीवर आलो की दाराची कडी मीच लावायची, स्टोव्ह मीच विझवायचा. सेक्शनमधल्या जवानांनी तपासलेली जमीन मी पुन्हा तपासायचो.

माय एकदा म्हणाली, "देवाच्या हाती दिलं म्हणतोस, शांतवन, पर मूठ काय सोडत नाहीस."

मी हसून विषय बदलला.

काम रोज सारखंच. उजाडताना हजेरी, चहा, मग जमिनीचे पट्टे वाटून दिले जायचे. जवान पोटावर झोपून प्रॉडर, म्हणजे लोखंडी बारीक सळई, तिरकी मातीत खुपसत पुढं सरकायचा. सळई कशाला अडली की थांबायचं आणि बोटांनी माती बाजूला करायची. साफ झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी टेप लावायची.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक बाळू शेळके होता, साताऱ्याकडचा. अंगानं पैलवान, कामाला सावकाश. सगळ्यात जास्त मी त्याचीच जमीन पुन्हा तपासायचो. त्याला कधी राग आला नाही. "बघा उस्ताद, बघा," म्हणायचा आणि मागं जाऊन चहा मागायचा.

पावसाळ्यात एका जोरदार सरीनंतर तिथल्या नाल्याला पूर आला. पाणी ओसरल्यावर सकाळी काठ पाहायला मी एकटाच निघालो. वाट साफ झालेल्या पट्ट्यातून होती. निम्म्यावर पोचलो असेन. बाजूच्या सरकंड्यातून, म्हणजे उंच बोरूच्या गवतातून, एक रानडुक्कर निघालं आणि माझ्या मागून आडवं पळालं. स्फोट झाला. मी जागीच खाली बसलो. कानात शिट्टी वाजत होती. मी आलो त्याच वाटेवर खड्डा पडला होता आणि उडालेल्या चिखलानं माझ्या पावलांचे ठसे बुजले होते.

काय झालं ते लगेच कळलं. पुरानं वरच्या अंगाचे सुरुंग साफ पट्ट्यात ओढून आणले होते. किती आणि कुठं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी उठून उभा राहिलो, कमरेची प्रॉडर काढली आणि डावा गुडघा पुढं टेकायला वाकलो. मागून, पट्ट्याच्या तोंडाशी असलेल्या पक्क्या जमिनीवरून, भोंग्यावर आमच्या मेजर साहेबांचा आवाज आला.

"त्रिभुवन, हाथ मत लगाओ. सीधे खडे रहो. आदमी आ रहा है."

वायरलेसवाला ओरडत होता, "ऑल स्टेशन, कोई मूव्हमेंट नहीं. ओव्हर."

हुकूम बरोबर होता. आत अडकलेल्यानं हलायचं नाही, पक्क्या जमिनीवरून निघालेल्यानं त्याच्यापर्यंत वाट करायची. हे मीच रंगरुटांना शिकवलं होतं. तरी सळई माझ्या हातातून सुटत नव्हती.

पट्ट्याच्या तोंडाशी एक जण पोटावर झोपला. रुंद पाठीवरून ओळखला, बाळू. मला नंतर कळलं की मेजर साहेबांनी कोण जाईल असं विचारायच्या आतच त्यानं टेपचं रीळ उचललं होतं. मी मात्र त्याला पाहून हबकलो. तिथूनच ओरडायला लागलो, डावीकडं बघ, सळई आणखी तिरकी धर, घाई करू नको.

त्यानं मान वर केली. "उस्ताद, तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा. बाकीचं माझ्याकडं."

आता मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

प्रार्थना सुरू केली. पहिल्यांदा तीसुद्धा हुकूमच होती. देवा, त्याला उजवीकडून आण, ऊन वाढायच्या आत आण. सूचना देऊन देऊन मी दमलो. मग एवढंच उरलं: बापा, मी तुझा आहे. ते म्हटलं आणि थांबलो. वाचणार असं काही मनात आलं नाही. आला तो माझा मुलगा. त्या दिवशी तो माझ्या हातात नव्हता, म्हणजे कोणाच्याच हातात नव्हता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं नव्हतं. तो धरलेला होता. मार्था धरलेली होती, तिच्या पोटात वाढणारं आमचं दुसरं बाळ धरलेलं होतं, आणि त्या चिखलात मीसुद्धा. सळई मी परत कमरेला लावली. सरकंड्यात कुठलंसं पाखरू बोलत होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. खरं सांगतो, मला हसू येत होतं.

बाळू त्याच्याच चालीनं आला. माझ्यापासून हातभर अंतरावर त्याची सळई अडली. त्यानं माती बाजूला केली, खूण लावली आणि वळसा घेतला. मी गुडघा टेकायला निघालो होतो, तीच ती जागा होती. मग त्यानं माझ्या बुटाला हात लावला.

मी विचारलं, "तू का आलास?"

"तुम्ही हितं हुता म्हणून."

दोन टेपांमधून आम्ही मागंपुढं चालत परत आलो. मेजर साहेबांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "दोनों को चाय दो." बाळू तीन मग चहा प्यायला.

नाताळात सुट्टी मिळाली. बाळूला त्याच्या गावी जायच्या आधी मी आमच्याकडं ओढून आणला. त्या साली आमच्या भागात मोठा दुष्काळ होता, छावणीतही पाणी मोजून मिळायचं. पण मार्थाला मुलगी झाली होती आणि घरात गाणं चालू होतं. बाप्तिस्म्याला पाळकांनी हात पुढं केले, मी मुलगी त्यांच्या हातात दिली आणि मागं सरलो. नाव ठेवलं कृपा.

बाहेर आल्यावर मार्थानं माझ्याकडं निरखून पाहिलं. "काय झालं तुम्हाला? डोकं नीट धरा म्हणून सांगितलं नाही त्यांना."

तिला सगळं तिथंच, चर्चच्या पायरीवर बसून सांगितलं. ती रडली, मग हसली, आणि उठून बाळूच्या ताटात स्वतः वाढायला गेली. येसर आमटी आणि भाकरी त्यानं अशी हाणली की माय म्हणाली, हे लेकरू इथंच ठेवून घेऊ. जेवण झाल्यावर त्यानं कृपाला खांद्यावर टाकलं आणि गल्लीभर मिरवून आणलं. मी ओट्यावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्याला दौलताबादचा किल्ला दाखवला. अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या भुयारात, वटवाघळं फडफडली तसा त्यानं माझा दंड पकडला आणि उजेडात येईपर्यंत सोडला नाही. वर पोचल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पुढं आमच्या पोस्टिंग वेगळ्या झाल्या. बाळू नायब सुभेदार झाला. आसामात पुरात अडकलेल्या गावकऱ्यांना बोटीनं काढताना तो गेला. आपलं लाइफ जॅकेट त्यानं एका म्हातारीच्या अंगात घातलं होतं. परतताना बोट उलटली. म्हातारी वाचली.

त्याच्या गावात शाळेसमोर त्याच्या नावाचा दगड आहे. वर्षातून एकदा मी आणि कृपा तिथं जातो. बाळूची बायको हौसाबाई दगड धुऊन ठेवते, फुलं वाहते आणि मला म्हणते, "भाऊजी, आता तुमच्या देवाचं म्हणा." मी टोपी काढतो. काही मागत नाही, आभार मानतो. मग सावधान होऊन मोठ्यानं म्हणतो, "नायब सुभेदार बाळू शेळके." शाळेची पोरं "अमर रहे" अशी गरजतात की चिंचेवरचे सगळे पोपट एकदम उडतात, आणि हौसाबाई पदरानं डोळे पुसत हसते.