बाविसावी बंदिश

विनायक बेहेरे म्हणजे कुणाला नाही म्हणता न येणारा माणूस. टेलिफोन ऑफिसात दुसऱ्याची रविवारची ड्यूटी याच्याच गळ्यात, गणपतीत आरतीच्या पेटीवर हाच. पनवेलात त्याला देवमाणूस म्हणत. आता या देवमाणसाने काय करून ठेवलं ते ऐका.

तरुणपणी त्याने अकरा वर्षं त्र्यंबकबुवांकडे गाणं शिकण्यात घालवली. गळा यथातथाच, पण अक्षर मोत्यासारखं. बुवा बंदिश बांधत आणि विनायक ती वहीत उतरवून घेई. जोडीला उलवे गावचा काशिराम. दिवसभर मिठागरात राबायचा, संध्याकाळी सायकल मारत यायचा आणि अंगणात पाय धुऊन मगच आत बसायचा. एकदा त्याने मारवा रागात स्वतःची बंदिश बांधून म्हटली. मिठाच्या राशीपाशी नवऱ्याची वाट बघत उभी राहिलेली बाई. बुवा ऐकतच राहिले. शिष्याच्या बंदिशीतही अंतऱ्यात नाव गुरूचंच यायचं, ही बुवांच्या घरची रीत. काशिरामने ती पाळली होती. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून विनायकानेच ती वहीत उतरवली. बांधली कुणी, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं.

बुवा गेले. पुढे त्र्याण्णव साली विश्वजीत नावाच्या हौशी दिग्दर्शकाने बुवांच्या बंदिशींवर नाटक बसवायला घेतलं. वही घेऊन गेला आणि दोन दिवसांनी नाचतच परत आला.

"विनायकराव, ही मिठाची बंदिश म्हणजे आपल्या नाटकाचा शेवट! बावीसच्या बावीस बुवांच्याच ना?"

त्याचा फुललेला चेहरा बघून विनायकाच्या तोंडून "हो" निघून गेलं. उद्या सांगू, म्हणाला मनाशी.

आणि त्याच आठवड्यात एसटी स्टँडवर काशिराम भेटला. विनायकाला राहवलं नाही. "अरे, तुझी बंदिश नाटकात आहे! स्टेजवरून नाव घेणार तुझं. वहिनींना घेऊन ये!"

झालं! दोन दगडांवर पाय ठेवून बसला. रोज तालमीला जाताना ठरवायचा, आज सांगायचंच. तिथे गेला की जीभ टाळ्याला चिकटायची. तोवर 'त्र्यंबकबुवांच्या बावीस बंदिशी' अशी पोस्टरं भिंतींवर लागलीसुद्धा. बायको, शोभा, तर चिडलीच. "अहो, एका वाक्याचं काम आहे! त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं?" विनायकाला त्या महिन्यात जेवण गोड लागलं नाही.

शाळेच्या मैदानावर प्रयोग झाला. तिसऱ्या रांगेत काशिराम, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. शेजारी त्याची बायको वेणू, लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसून. शेवटच्या बंदिशीला लोकांनी डोळे पुसले. पाहुणे म्हणाले, "बुवा कधी मिठागरात उतरले नसतील, पण त्या बाईचं दुःख त्यांना कसं नेमकं कळलं!" मग वही जपल्याबद्दल विनायकाला शाल-नारळ दिला आणि माइक हातात दिला.

समोर वेणू पुढे सरकून बसली होती. सांगून टाक, मेल्या, सांगून टाक!

"सगळं बुवांचंच," एवढं म्हणून तो खाली बसला.

गर्दी पांगल्यावर ती दोघं त्याच्याकडे आली. विनायकाला वाटलं, काशिरामने चारचौघांत मुस्काटात मारावी, निदान मोकळं तरी वाटेल. काशिरामने नुसता नमस्कार केला. वेणूने मात्र भाबडेपणाने विचारलं, "भावजी, यांचा नाव कवा घेतला वो? मना आयकूच नाय आला."

विनायकाने तोंड उघडलं. त्याच्याआधी काशिरामच बोलला.

"घेतला ना! शेवटाला घेतला. लोकांनी टाल्या किती वाजवल्या, त्यान तुला आयकू नाय आला. नाय का, विनायकभाऊ?"

वेणू विनायकाकडे बघत होती. हातात नारळ घट्ट धरून त्याने मान हलवली, "हो."

"अगो बाय माजे!" वेणू हरखली आणि देवमाणूस म्हणून त्याच्या पाया पडली.